गफूरभाईंचा वचनांक

सेलूच्या रेल्वेफाटकावरचा उड्डाणपूल ठरलेल्या वेळेत पूर्ण झाला.

असं काहीही घडलेलं नाही. राज्य सेतू महामंडळाच्या नोंदीत तो पूल अजून व्हायचा आहे, आणि नोंद व डोळे यांच्यात मतभेद झाल्यास नोंद बरोबर, असा महामंडळाचा नियम आहे. तेव्हा वाचकांनी वरचं वाक्य वाचलंच नाही असं धरून पुढे यावं. पुलाचं काय होणार याची आपल्याला काडीचीही कल्पना नाही.

नयना बोंढारे ही त्या पुलाचा ठेका घेतलेल्या कंपनीची खरेदी अधिकारी. पूल इंजिनिअर बांधतो हा एक लोकप्रिय गैरसमज आहे. पूल खरेदी विभाग बांधतो. सामान आलं नाही म्हणून ओरडण्याचं काम तेवढं इंजिनिअरकडे असतं. या पुलावर ते काम सुदेश बोंढारेकडे होतं. सुदेश हा नयनाचा नवरा. दोघांचं जमलं ते पायाच्या वेळी सिमेंट येत नव्हतं म्हणून. सिमेंट वेळेवर आलं असतं तर ते आजही एकमेकांना साहेब आणि मॅडम म्हणत असते.

या धंद्याची एक शिस्त होती, कुठेही न लिहिलेली. सुदेशला एखादी गोष्ट रविवारी लागणार असली की तो शनिवारी हवी म्हणून सांगायचा. नयना पुरवठादाराला शुक्रवार सांगायची. पुरवठादार म्हणायचा, "शुक्रवार कशाला, गुरुवारीच पाठवतो की," आणि रविवारी पाठवायचा. सगळे मनापासून खोटं बोलायचे आणि सामान वेळेवर यायचं. यात कुणाची फसवणूक होत नव्हती, कारण प्रत्येकाला समोरच्याचा भाव ठाऊक होता.

या कलेतले बुजुर्ग म्हणजे जालन्याचे गफूरभाई. त्यांच्याकडे चारशे टनी क्रेन होती. आसपासच्या चार जिल्ह्यांत तेवढी एकच. पुलांची सुईणच म्हणा. तिच्याशिवाय एकही गर्डर, म्हणजे पुलाची तुळई, खांबावर टेकत नसे. नयना नोकरीला लागली तेव्हापासून गफूरभाईंशी तारखांवरून भांडत आली होती. ही भांडणं कधी कधी अर्धा अर्धा तास चालायची. त्यात गफूरभाईंचा गुडघा, नयनाच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आणि जालन्यातला उकाडा हे विषय येऊन जायचे. फोन ठेवताना दोघांनाही बरं वाटायचं.

मग महामंडळाने 'अचूक' आणलं.

अचूक हे नियोजन आणि खरेदी करणारं यंत्र. त्याचं शास्त्र समजायला सोपं आहे. माणूस खोटं बोलतो, ही काही बातमी नाही. पण तो दर वेळी साधारण तेवढंच खोटं बोलतो, ही बातमी आहे. एखादं घड्याळ रोज वीस मिनिटं पुढे असेल तर ते बिघडलेलं नसतं. वीस वजा केले की ते उत्तम घड्याळ असतं. अचूकने मागच्या दहा वर्षांतली चलनं, गेटवरच्या नोंदी आणि फोनवरची बोलणी घेतली. कोण काय बोललं आणि प्रत्यक्षात काय झालं, हे शेजारी शेजारी मांडलं आणि प्रत्येक माणसाचा एक आकडा काढला. त्याला वचनांक म्हणत. पडताळ्यासाठी काँक्रीटच्या पोटात संवेदक होते. काँक्रीट घट्ट होताना तापतं. किती तापलं आणि किती वेळ तापलं यावरून ते किती पक्कं झालं हे कळतं. ट्रक कुठे आहे, क्रेनचं इंजिन चालू आहे की चालक झोपलाय, तेही कळायचं. मग माणूस म्हणेल त्या तारखेतून त्याचा वचनांक वजा करायचा आणि खऱ्या तारखेला खरेदीचा हुकूम काढायचा. मध्ये कुणी बोलायचं नाही.

पहिले काही महिने चमत्कार झाला. लोखंड आलं की थेट कामावर. सिमेंटचं पोतं गोदामात पडून राहिलं नाही. महामंडळाचे नियोजन अधिकारी पाथ्रीकरसाहेब पाहणीला आले तेव्हा त्यांना रिकामं गोदाम दाखवण्यात आलं आणि ते भारावून गेले.

घरीही फरक पडला. कामावरच्या सगळ्यांच्या फोनमध्ये अचूक होतं. सुदेशने "दहा मिनिटांत निघतो" असं लिहिलं की नयनाच्या फोनवर त्याखाली बारीक अक्षरांत यायचं: 'अंदाजे वास्तव: दोन तास.' नयना त्या हिशेबाने भाकरी थापायची. सुदेश दारात, भाकरी तव्यावर.

एक दिवस जेवताना तो म्हणाला, "तू आजकाल फोन करत नाहीस."

"कामून करू?"

"कुठंय, किती वेळ, म्हणून."

"कळतंय ना मला."

"आधी चिडायचीस."

"आता चिडू कशाला? गरम भाकरी मिळायली की तुला."

"मिळायली," सुदेश म्हणाला. गरम भाकरी इतक्या उदासपणे खाताना नयनाने कुणाला पाहिलं नव्हतं. तिने ते मनावर घेतलं नाही. पूल वर चढत होता.

इथवर सगळं ठीक होतं. अडचण एवढीच, की आपण वीस मिनिटं पुढे आहोत हे घड्याळाला कळत नाही. माणसाला कळतं.

महामंडळाने पारदर्शकतेचं धोरण म्हणून सगळ्यांचे वचनांक जाहीर केले. फोनवर नावापुढे आकडा दिसू लागला. गफूरभाईंच्या नावापुढे आलं: 'उणे तीन दिवस.' त्यांच्या पुतण्याच्या सोयरिकीला आलेल्या पाहुण्यांनी चहा पिता पिता तो आकडा वाचला आणि मुलाचाही असाच आहे का, असं विचारलं.

गफूरभाईंचा नयनाला फोन आला. भांडायला नव्हे. भांडायला आला असता तर बरं झालं असतं.

"मॅडम, आकडा बघितला तुम्ही?"

"बघितला. चूक तर नाही ना त्यात?"

"चूक नाही," गफूरभाई म्हणाले. "पण आपल्यात हे कधी बोलून दाखवलं होतं का कुणी?"

आणि फोन ठेवला. गुडघ्याचा विषय निघालाच नाही.

त्यानंतर गफूरभाई आणखी अलीकडच्या तारखा सांगू लागले. तीन दिवस वजा होणारच असतील तर तीन दिवस जास्तीचे घाला, असा सरळ विचार. अचूकच्या लक्षात आलं. त्याने सहा वजा केले. गफूरभाईंनी नऊ घातले. लोखंडवाला, खडीवाला, सगळ्यांनी हेच केलं. सुदेशनेही केलं, कारण त्याने केलं नसतं तर त्याच्या पुलाचं सामान दुसऱ्या पुलाला गेलं असतं. पाणी किती गरम आहे हे बघायला थर्मामीटर घालावा आणि थर्मामीटरनेच पाणी उकळायला लागावं, तशी गत झाली. जितकं मोजावं तितकं खोटं वाढत होतं, आणि जितकं वाढत होतं तितकं जास्त मोजावं लागत होतं.

उन्हाळ्याच्या तोंडावर सुदेशने सळया मागच्या दिवाळीत हव्यात अशी मागणी टाकली. मागच्या तारखा टाकायला यंत्रात बंदी नव्हती. असं कुणी करेल असं बनवणाऱ्यांना वाटलं नव्हतं. अचूकने शांतपणे वजाबाकी केली आणि सळया बरोबर हव्या त्या गुरुवारी आल्या. खडीवाल्याने माल आपल्या मुंजीच्या दिवशीच पोचवल्याचं कळवलं, आणि तोही आठवड्याभरात पोचला. काही काळ सेलूचा पूल संपूर्णपणे भूतकाळात बांधला जात होता आणि उत्तम चालला होता.

मग दोघातिघांनी एकाच वेळी आपापला भाव बदलला आणि गणित फिसकटलं. सबंध पुलाची वाळू एका सकाळी आली. ट्रकची रांग फाटकाच्या पलीकडे बाजारापर्यंत गेली आणि सेलूत त्या दिवशी दूध मिळालं नाही. काँक्रीटचे संवेदक खरं तेच सांगत होते, पण ते कुणाशीच जुळेना. तेव्हा अचूकने संवेदकांनाही वचनांक लावला.

आणि नेमका त्याच आठवड्यात रेल्वेचा ब्लॉक मंजूर झाला.

पुलाचा एकच गाळा, म्हणजे दोन खांबांमधला तुकडा, राहिला होता, रुळांवरचा. तो टाकायचा तर गाड्या थांबवायला हव्यात. रेल्वेने येत्या रविवारी अकरा ते दोन असा ब्लॉक दिला. हुकला तर पुढचा वर्षभर नाही. मग कंपनी सेलूचं काम गुंडाळणार होती. सुदेशची सावंतवाडीला आणि नयनाची गोंदियाला बदली पक्की झाली होती. महाराष्ट्रात नवराबायकोला याहून लांब ठेवता येत नाही. कंपनीने बहुधा नकाशा बघूनच ठरवलं असावं.

नयनाने अचूकमध्ये क्रेनची मागणी टाकली: रविवार, सकाळी नऊ. कुठलीही भर न घालता, निव्वळ खरं. तिच्या नोकरीतली ती पहिलीच खरी तारीख.

उत्तर आलं: 'अर्जदाराचा वचनांक विचारात घेता क्रेनची वास्तविक गरज पुढील वर्षी आषाढात आहे. हुकूम त्या वेळी काढण्यात येईल. धन्यवाद.'

तिने पाथ्रीकरसाहेबांना फोन लावला.

"साहेब, मला खरंच रविवारी पाहिजे."

"मॅडम, तुमचं म्हणणं मला पटतं," पाथ्रीकरसाहेब म्हणाले. तेवढ्यात त्यांच्या फोनवर काहीतरी वाजलं. "पण तुमच्या म्हणण्याखाली आषाढ दाखवतंय."

गफूरभाईंना फोन करून उपयोग नव्हता. नयनाने तारीख उच्चारायचा अवकाश, त्यांच्या पडद्यावर आषाढच उमटला असता.

"आता?" सुदेशने विचारलं. तो पलंगावर बसून सावंतवाडीचं हवामान बघत होता.

"आता काय. जाऊन येते जालन्याला."

"जाऊन काय करशील? हुकूम नाही. हुकमाशिवाय क्रेन कोण देतंय?"

"गफूरभाई."

"ते बोलत नाहीत तुझ्याशी."

"फोनवर बोलत नाहीत," नयना म्हणाली आणि आपला फोन पिठाच्या डब्यात घालून झाकण लावलं. "माझ्यामागे कुणी विचारलं तर मी घरात आहे म्हणून सांग. तुझ्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही म्हणा, पण सांग."

बुधवारी दुपारी ती एसटीने जालन्यात उतरली. गफूरभाई आवारात क्रेनच्या सावलीत खुर्ची टाकून बसले होते. नयनाला पाहून ते उठले नाहीत; दुसरी खुर्ची मात्र मागवली.

"फोन आत ठेवा," नयना म्हणाली.

त्यांनी तिच्याकडे पाहिलं, उठले, फोन क्रेनच्या केबिनमध्ये ठेवून दार लावून आले.

"गुडघा कसाय?"

"आहे." गफूरभाई बसले. "आईचे डोळे?"

"आता पेपर वाचायलीय. त्यामुळं घरात सगळ्यांना ताप."

दुसरी खुर्ची आली, नयना बसली. नयनाने ठरवून आणलेलं वाक्य काढलं. "गफूरभाई, क्रेन पाहिजे. रविवारी सकाळी नऊला. ब्लॉक आहे. खरं सांगतेय."

गफूरभाईंचा चेहरा पडला. त्यांनी दाढीवरून हात फिरवला, आकाशाकडे पाहिलं, बोटं मोजली, परत मोजली.

"रविवार म्हणजे कधी?"

"रविवार म्हणजे रविवार."

"म्हणजे मंगळवार?"

"नाही हो."

"मग रविवार कशाला म्हणताय? बेटा, इतकी वर्षं झाली, तू मला कधी खरा वार सांगितला नाहीस. आज सांगायलीस म्हणजे काहीतरी बिघडलंय. मी याच्यातून काय वजा करू? तू सांग."

नयनाला एकदम उलगडा झाला. खरं बोलून काही उपयोग नव्हता. खऱ्याचा भावच या माणसाला माहीत नव्हता. कुणी कधी लावलाच नव्हता. तिने खुर्ची पुढे ओढली, पदर खोचला आणि आवाज चढवला.

"हे बघा गफूरभाई, मला क्रेन शुक्रवारी पाहिजे. सकाळी नऊला. एक तास इकडंतिकडं चालणार नाही."

गफूरभाईंच्या पाठीचा कणा आपोआप ताठ झाला. "शुक्रवार? मॅडम, काय बोलताय. शुक्रवारी माझी क्रेन मंठ्याला आहे."

"ते मला माहीत नाही. मागच्या वेळी पण असंच केलंत."

"मागच्या वेळी टायर फुटला होता."

"दर वेळी फुटतो तुमचा टायर. सेलूच्या हद्दीत शिरला की फुटतो."

"रस्ता कुणी केलाय तिथला? तुमच्याच कंपनीने ना?"

अर्धा तास भांडण चाललं. चहा दोनदा आला. शेवटी गफूरभाईंनी गुडघ्यावर हात मारला. "जाऊ द्या. शुक्रवार कशाला, गुरुवारी संध्याकाळीच लावून देतो. आता तर खूश?"

"गुरुवारी नक्की?"

"जबान दिली."

नयना परतीच्या एसटीत बसली आणि सेलूच्या फाट्यापर्यंत डाराडूर झोपली.

गुरुवारी क्रेन आली नाही. सुदेशने दिवसभर नखं खाल्ली. शुक्रवारी सकाळी नऊला तो रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला. क्रेन आली नाही.

"नाही आली," दुपारी त्याने येऊन सांगितलं.

"वा," नयना म्हणाली.

"वा काय? शुक्रवार म्हणाली होतीस ना तू त्यांना?"

"म्हणूनच. आज आली असती तर मी घाबरले असते." तिने गर्डरचे साखळदंड तपासायला माणसं लावली आणि रेल्वेला रविवारची खात्री कळवून टाकली. अचूकने त्या खात्रीखाली काय लिहिलं ते तिने वाचलं नाही. फोन अजून पिठातच होता.

शनिवारीही क्रेन आली नाही. सुदेशने सावंतवाडीत भाड्याच्या खोल्या बघितल्या. नयनाने गवारीची भाजी केली.

रविवारी सकाळी नऊला पाच मिनिटं कमी असताना फाटकाकडच्या रस्त्यावर आधी कावळे उडाले आणि मग क्रेन दिसली. पुढे जीपमध्ये गफूरभाई, सुनेने आणून दिलेल्या गॉगलसह.

साइटचं गेट उघडेना. गेट अचूकच्या ताब्यात होतं आणि अचूकच्या मते ही क्रेन पुढच्या वर्षीच्या आषाढात होती. गेटने लाल दिवा लावला: 'समोर कोणतंही वाहन नाही.' चालकाने गफूरभाईंकडे पाहिलं, गफूरभाईंनी नयनाकडे पाहिलं, नयनाने मान हलवली. क्रेनने गेट खांबासकट उचललं, सावलीत नीट ठेवलं आणि आत आली.

अकराला गाड्या थांबल्या. फाटकाच्या दोन्ही बाजूंना अख्खं सेलू उभं होतं. दोन वाजायच्या आत शेवटचा गर्डर बेअरिंगवर इतक्या अलगद टेकला, की खाली उभ्या असलेल्या म्हशीने मान वळवली नाही.

"उशीर झाला मॅडम," गफूरभाई गॉगल काढत म्हणाले. "टायर फुटला होता."

"तरी मी म्हटलंच," नयना म्हणाली.

महिन्याभराने वरचं काँक्रीट आणि कठडे पार पडले. सुदेशने अहवाल टाकला: 'पूल आज पूर्ण झाला.' अचूकने सुदेशचा वचनांक वजा केला आणि पूल नातवंडांच्या काळात पूर्ण होईल असं नोंदवलं. न झालेल्या पुलाचं उद्घाटन करता येत नाही, म्हणून कुणी पुढारी आला नाही. एका सकाळी वरातीला निघालेला बँडवाल्यांचा टेम्पो वरून गेला, त्यामागे सगळे गेले, आणि पूल सुरू झाला. न झालेल्या पुलाचं काम बंद करता येत नाही, म्हणून बदल्याही रद्द झाल्या. नोंद सुधारायला पाथ्रीकरसाहेब स्वतः येऊन पूल बघून गेले. पुलावरूनच आले होते. परत जाऊन त्यांनी लिहिलं, की स्थळपाहणीत आढळलेली बाब प्रणालीशी विसंगत असल्याने स्थळात दुरुस्ती करावी.

त्या संध्याकाळी नयनाने घरातल्या दोन्ही फोनमधून अचूक काढून टाकलं. सुदेशने "दहा मिनिटांत निघतो" असं कळवलं. नयनाने लगेच भाकरी टाकली. भाकरी गार झाली, मग कडक झाली. तिने तीनदा फोन केला. तिसऱ्या वेळी तिचा आवाज शेजारच्यांनाही ऐकू गेला. सुदेश पायऱ्या चढून आला तो हसतच. "इतकी चिडतीस?" असं विचारून त्याने ती कडक भाकरी चवीने खाल्ली.

दुसऱ्या दिवशी नयनाने अर्ज लिहिला. महामंडळाकडे अर्ज फक्त अचूकमार्फतच करता येत असल्याने तो तिथेच दाखल केला:

प्रति,
मा. मुख्य नियोजन अधिकारी,
राज्य सेतू महामंडळ.

विषय: खोटे बोलण्याची पूर्वापार मुभा परत मिळणेबाबत.

महोदय,
उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की, सेलू येथील उड्डाणपूल अस्तित्वात नाही हे महामंडळाचे म्हणणे अर्जदारास मान्य आहे. त्यावरून रोज जाणाऱ्या वाहनधारकांचीही काही हरकत दिसून येत नाही. तथापि पुढील पूल बांधणे सुकर व्हावे म्हणून अर्जदारास श्री. गफूर अमीनोद्दीन, क्रेनमालक, रा. जालना, यांच्याशी कामाच्या वेळेत, आणि पती श्री. सुदेश बोंढारे यांच्याशी कामाच्या वेळेनंतर, दोन ते तीन दिवस मागेपुढे, परस्परसंमतीने, जुन्या भावाने खोटे बोलण्याची परवानगी कायमस्वरूपी देण्यात यावी. उभय पक्षांची याबाबत कोणतीही तक्रार नव्हती, नाही व राहणार नाही.

तरी सदर अर्ज शब्दशः खरा मानावा, त्यातून काहीही वजा करू नये, आणि अचूक प्रणालीच्या नजरेस न आणता तो मंजूर करावा, ही नम्र विनंती.